वाघ्याला संगं नको

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे जिच्या बाबतीत घडलं ती सोमी आमच्या खोपोलीच्या घरी लाकडाच्या मोळ्या टाकायला यायची. तिनेच हे माझ्या आईला सांगितलं होतं.

एकदाच. पुन्हा तिने तो विषय काढू दिला नाही.

साल १९२८. दिवाळी नुकतीच उलटली होती. जागा... पळसदरीच्या वरचं रान.

सोमी कुंभिवलीजवळच्या कातकरवाडीतली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गोमा त्याच रानात कोळशाच्या भट्टीवर कामाला गेला होता. तो परत आलाच नाही. त्याचा जोडीदार मंगळ्या एकटाच वाडीवर आला.

"गोमा म्हमईला पळाला," तो म्हणाला. "तुला सांग म्हनाला, वाट बघू नको."

सोमी रडली. मग तिने गोमाला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. आणि वर्षभराने मंगळ्याशीच पाट लावून त्याच्या घरी नांदायला गेली.

गोमाचा कुत्रा वाघ्या तेवढा रोज वाटेवर जाऊन बसायचा.

त्या साली सोमीही मंगळ्याबरोबर भट्टीवर निघाली. होळीपर्यंत रानातच मुक्काम. सगळं बांधून झालं आणि भांडण पेटलं ते वाघ्यावरून.

"वाघ्याला संगं नको," मंगळ्या म्हणाला.

"का रं? रानात बिबट्या हाय. कुत्रं भुकलं म्हंजी आपन सावध व्हऊ."

"त्याला खायाला कोन घालंल?"

"माज्यातलं घालीन मी."

"सोमे, नको म्हनलं ना!"

कुत्र्यासाठी एवढं चिडायचं काय कारण? सोमीला कळेना. पण ती हट्टाला पेटली. वाघ्याला घेऊनच निघाली.

रानात पोचल्यावर मंगळ्याने खोपटी बांधली ती पार ओढ्याच्या पलीकडे. अलीकडे चांगली सपाट जागा होती. जुन्या भट्टीचं काळं वर्तुळ अजून तिथे दिसत होतं.

"हितं का नको?" सोमीने विचारलं.

मंगळ्या कुऱ्हाड उचलून लाकडं तोडायला लागला.

पहिले काही दिवस वाघ्या कशालाही भुंकायचा. माकडं, मोर, वाळका पाला... काहीही.

मग एका संध्याकाळी तो गप्प झाला.

सोमी ओढ्यावर मडकं भरत होती. दिवस मावळायला आला होता. तिने मान वर केली...

वाघ्या त्या काळ्या वर्तुळात उभा होता. शेपटी हलवत. लाडाने कुईकुई करत.

समोर कुणी नव्हतं.

"वाघ्या! यू, यू!"

त्याने ऐकलंच नाही. तो खाली बसला. कान मागे पाडले. डोळे मिटले.

आणि त्याच्या मानेवरचे केस हलले...

वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं. पण केस दबत होते, पुन्हा उठत होते. कुणीतरी सावकाश हात फिरवावा तसे.

वाघ्या असा फक्त एकाच माणसापुढे बसायचा.

सोमीच्या हातून मडकं निसटलं. त्या आवाजाने मंगळ्या धावत आला. त्याने कुत्र्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"म्हनलं व्हतं ना तुला... कुत्रं आनू नको."

"गोमा कुठं हाय?" सोमीने विचारलं.

तिने त्याची बंडी धरून त्याला हलवलं.

"मंगळ्या, माजा गोमा कुठं हाय?"

मग तो बोलला. जमिनीकडे बघत. गोमा पेटत्या भट्टीवर, म्हणजे लाकडांच्या मातीने लिंपलेल्या ढिगावर, चढून माती चोपत होता. पायाखालची माती खचली. तो आत गेला.

"हाका मारीत व्हता?"

"...मारीत व्हता."

"मंग तू काय केलंस?"

"उघडली असती तर सगळी भट्टी भडकली असती, सोमे. ठेकेदारानं मला जिता ठेवला नसता. मी... माती घातली वरनं."

सोमीला रडू आलं नाही. ज्याला दोन वर्षं शिव्या घातल्या तो इथे होता. आणि ज्याच्या शेजारी ती निजली, ज्याला रांधून घातलं...

"गोमा!" ती ओरडली. "गोमा, मी हाय रं! सोमी!"

वाघ्या उठला. वर बघत, कुणाच्यातरी पायाशी चालावं तसा रानाकडे निघाला. मधेच थांबायचा. पुन्हा चालायचा.

सोमी मागे धावली. हाका मारत राहिली. करवंदीच्या जाळीपाशी वाघ्याने एकदा वळून तिच्याकडे पाहिलं.

मग जाळीत शिरला.

जाळीपलीकडे काही नव्हतं. पाला वाजला नाही. वाटेच्या धुळीत वाघ्याच्या पावलांचे ठसे होते. माणसाचा एकही नव्हता.

वाघ्या पुन्हा कुणाला दिसला नाही.

सोमी तशीच अनवाणी डोंगर उतरली. मंगळ्याच्या घरात तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. तक्रार कुठे केली नाही. तिचं ऐकणार तरी कोण होतं?

सगळं सांगून झाल्यावर ती जायला उठली, पण आमच्या ओटीवरच थांबली. मग तिने आईला विचारलं,

"त्यो कुत्र्याला न्यायाला आला, बाई. एवढ्या हाका मारल्या मी... मला एक 'ओ' दिली नाय त्यानं. मी पाट लावला म्हून का वं?"