परत गेलेलं दूध

चिमीचं वासरू पिवळा स्वेटर घालून भर रस्त्यात उभं होतं आणि समोरून दुधाचा टँकर येत होता. वरून भुरभुर पाऊस, पायात दोन मापं मोठे गमबूट, हातात दोरी... चिमी जीव खाऊन धावली. टँकर थांबला, वासरापासून जेमतेम हातभर अंतरावर. खिडकीतून एका नव्याच तरुणानं डोकं बाहेर काढलं.

"हॉर्न वाजवू नका, घाबरेल ते," चिमी धापा टाकत म्हणाली.

"मी कुठे वाजवला?"

"वाजवणार होतात."

"होतो," त्यानं कबूल करून टाकलं. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "एक सांगू का...? स्वेटर उलटा घातलाय त्याला."

आता चिमी म्हणजे घरात सगळ्यांत उंच, तरी लहानपणापासून चिमीच. अकरा गायींचा गोठा ती आणि तिचे बाबा, दोघंच ओढायची. धारा, चारा, शेण, सगळं. त्यातून वेळ उरलाच तर ती वासरांसाठी स्वेटर विणायची. बाह्या कधी सारख्या लांबीच्या झाल्या नाहीत, पण तिच्या विणकामाला नावं ठेवायची आजवर कुणाची टाप नव्हती. आणि हा टिकोजीराव, पहिल्याच भेटीत! ती फणकाऱ्यानं वासराला ओढत घेऊन गेली. गोठ्यात जाऊन पाहिलं, तर स्वेटर खरंच उलटा होता.

दुसऱ्या दिवसापासून टिकोजीराव रोज सकाळी दारात हजर. जुना टँकरवाला निवृत्त झाला होता, त्याच्या जागी हा आला होता. गोठ्यातल्या दुधाच्या टाकीचं झाकण उघडून आधी दूध हुंगायचं, ठीक वाटलं तरच पाइप लावायचा, हे टँकरवाल्याचं कामच. पण हा नुसता हुंगून थांबायचा नाही. डोळे मिटायचा आणि काल गायी कुठे चरल्या ते सांगायचा.

"ओढ्याकाठी."

"चूक."

"मालकीणबाई, गायी खोटं बोलत नाहीत..."

मालकीणबाईंना हसू आवरायचं नाही, कारण बरोबरच असायचं. टँकरचा पंप बारा मिनिटं चालायचा. आधी ती बारा मिनिटं तिला संपता संपायची नाहीत, महिन्याभरात पुरेनाशी झाली. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"आज कसला वास येतोय, ओळख," तिनं एकदा मुद्दाम छेडलं.

"दुधाला, की तुला?"

"दुधाबद्दल विचारतेय मी."

"दुधाला मक्याचा. आणि तुला... साबणाचा. नवा आहे."

नवाच होता. आदल्याच दिवशी आणलेला. कुणासाठी आणला, हे चिमी स्वतःलासुद्धा सांगायला तयार नव्हती.

टाकीवरच्या भिंतीवर बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती. 'एकोणीस वर्षांत एकदाही दूध परत गेलेलं नाही.' आल्यागेल्याला ते ती मोठ्यानं वाचायला लावायचे. चिमीची आई गेली त्या आठवड्यातही त्यांनी टाकीत काही कमीजास्त होऊ दिलं नव्हतं. त्या पाटीवर त्यांचा सगळा जीव. मागच्या थंडीत जबर सर्दी झाली आणि बाबांना वास येईनासा झाला, तो झालाच. पण हे चिमीखेरीज कुणाला कळलेलं त्यांना चाललं नसतं.

एका संध्याकाळी टँकरवाला आपली कामं आटोपून मोटरसायकलवरून आला. निमित्त काय, तर येता येता लोकरीचे दोन गुंडे मिळाले म्हणे. कुरणाच्या फाटकाशी दोघं उभी राहिली. अंधारून येईपर्यंत लोकरीवर बोलणं चाललं होतं, म्हणजे बघा. शेवटी तो म्हणाला, "चिमी, मला तुला एक विचारायचंय–" आणि नेमकी तेव्हाच बाबांनी हाक मारली. चिमी पळाली. तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. फाटकाची कडी लावायची राहिली, हे तिच्या गावीही नव्हतं.

सकाळी गायी सगळ्या गोठ्याशी होत्या. चिमीनं गुणगुणत धारा काढल्या, दूध टाकीत ओतलं. शेणाच्या आणि ओल्या चाऱ्याच्या वासात तिला वेगळं काही जाणवलं नाही. टँकरवाल्यानं झाकण उघडलं, वाकला. आज त्यानं डोळे मिटले नाहीत. पुन्हा वाकला. मग चिमीकडे पाहिलं. ती पुढे झाली.

कांद्याची पात. गायींनी शेजाऱ्याच्या कांद्यावर चांगला ताव मारलेला होता.

बाबा तिथेच होते, खांबाला टेकून. वास फक्त दोघांना आला होता. पन्नास घरांच्या दुधात हे मिसळलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. यानं नेलं तर बाबांची मान ताठ राहील, पण याच्याकडे आपल्याला परत तसं बघता येणार नाही. नाही नेलं, तर बाबा याला दारात उभं करणार नाहीत.

त्यानं पाइप खाली ठेवला. "काका, हे दूध मी नेणार नाही. कांद्याचा वास येतोय."

बाबांचा पारा असा चढला की विचारू नका. काल आलेल्या पोरानं आपल्याला दूध शिकवू नये, इथपासून त्याच्या नाकाचा उद्धार करेपर्यंत सगळं झालं. तो मान खाली न घालता ऐकून घेत होता. मग बाबा तिच्याकडे वळले.

"चिमे, तू सांग. तू म्हणशील ते खरं. येतोय वास?"

एका 'नाही'चं काम होतं.

"येतोय, बाबा. काल फाटक माझ्याकडून उघडं राहिलं."

"आमच्याकडून," टँकरवाला म्हणाला. "मीही तिथेच होतो."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि आत निघून गेले. दूध वासरांनी संपवलं.

चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. टँकरवाला यायचा, खाली बघून हुंगायचा, पाइप लावायचा. बारा मिनिटं नुसता पंपाचा आवाज. बाबांचा उतरलेला चेहरा बघून चिमी गायीच्या आडोशाला दोनदा रडली. पण खरं सांगायचं तर तिला पस्तावा होत नव्हता. बाबांसमोर उभं राहून 'नेणार नाही' म्हणणारा तो माणूस आठवला की तिची छाती अभिमानानं भरून यायची. मग बाबांची आणखीच दया यायची.

पाचव्या सकाळी, पंप चालू असतानाच, शेजारी आपल्या कांद्याचं गाऱ्हाणं घेऊन आला. ते झाल्यावर त्याची नजर भिंतीवर गेली.

"दूध परत गेलं म्हणे तुमचं," तो मिश्कील हसला. "मग ही पाटी...?"

बाबा खांबापासून बाजूला झाले.

"गेलं," बाबा म्हणाले. "मला वास येत नाही, वर्ष होईल. पोरगी 'नाही' म्हणाली असती तर मी या टँकरवाल्याला हाकललाच असता. तिनं खरं सांगितलं, स्वतःची चूक असून. एकोणीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं रे. कधी वेळच आली नव्हती. जा, सांग सगळ्यांना. म्हणावं, माझ्या मुलीनं दूध परत पाठवलं."

आणि त्यांनी हात वर करून पाटी उतरवली, अगदी सावकाश, ताठ मानेनं. शेजारी निघून गेला. चिमीच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"मला वाटलं, तू माझं तोंड बघणार नाहीस आता," टँकरवाला हळूच म्हणाला.

"नेलं असतंस, तर नसतं बघितलं."

त्यानं घसा खाकरला. "त्या दिवशी मला... म्हणजे मी विचारणार होतो की..."

"लग्नाचंच ना?"

त्याच्या हातातला पाइप सुटता सुटता वाचला. चिमीनं डोळे पुसले, गमबूट रोवून सरळ उभी राहिली, आणि स्वतःच विचारलं. कुजबुजत नाही, चांगलं बाबांना ऐकू जाईल असं.

तो 'हो' म्हणाला, तेही तितक्याच मोठ्यानं.