शेकाला सांगायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसभावाच्या, सिल्वोच्या बाबतीत घडलेली.

आणि आधीच सांगतो, रात्रबित्र नव्हती. स्लोवेनियातलं आमचं डोंगरातलं गाव, सिल्वोच्या सासरचा गोठा, अकरा ऑक्टोबर, दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन.

सिल्वोचे सासरे उर्बान जुलैत वारले होते.

आमच्याकडे रीत आहे. घरधनी गेला की शवपेटी उंबऱ्याबाहेर पडायच्या आत गोठ्यात जायचं. एकेका जनावराला उभं करायचं आणि तोंडावर सांगायचं, "तुझा धनी गेला. आता धनी मी." नाही सांगितलं, तर त्या जनावराच्या लेखी धनी जिवंतच.

सिल्वो मूळचा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण त्याने सगळं केलं. म्हाताऱ्या गाईला सांगितलं. मधमाश्यांच्या पेट्यांवर टकटक करून सांगितलं. कोंबड्यांना सामूहिक सूचना दिली. दोन डुकरांना सांगत होता, तर त्यातलं एक मधेच उठून गेलं. त्याला परत आणून पहिल्यापासून सांगितलं.

फक्त शेका राहिली.

शेका म्हणजे घरची पहिलारू, पहिल्यांदाच गाभण राहिलेली गाय. उन्हाळाभर ती वरच्या कुरणावर होती. सप्टेंबरात खाली आली, तेव्हा हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ती आली... आणि सिल्वोचं प्रत्येक काम उलटं व्हायला लागलं.

त्याने कुंपण ठोकलं. सकाळी फळ्या खाली, आणि खिळे... एकेक सरळ करून डब्यात भरलेले.

त्याने गोठ्याच्या दाराला नवी कडी लावली. दुसऱ्या दिवशी कडी वीतभर खाली. सासरे बुटके होते.

शेका त्याच्या हातचं गवत हुंगायचीसुद्धा नाही. तो चिडून निघून जायचा. अर्ध्या तासाने परत यावं तर गव्हाण साफ... आणि गाईच्या अंगाला खरारा केलेला.

"आई, हे कोण करतंय?" त्याने सासूला विचारलं.

जस्टीनाबाईंचा डावा हात प्लास्टरात होता. उजव्याने त्या बटाटे ढवळत होत्या.

"मला काय विचारतोस, जावईबापू? पण खिळे वाकडेच जात होते तुझे."

शेका खाली आल्यापासून सिल्वोच्या हातून एक काम धड झालं नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण टिकलं नव्हतं.

अकरा तारखेला दुपारी शेका व्यायला लागली.

दोन खूर दिसले. पुढे काहीच नाही. वासरू अडकलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाला, "दीड तास तरी लागेल मला. तेवढा वेळ नाहीये. तूच ओढ, नाहीतर वासरूही जाईल आणि गायही."

जस्टीनाबाईंनी एका हाताने शेकाचं तोंड धरलं. सिल्वोने दोन्ही खुरांना एकेक दोरी बांधली. एक हातात घेतली. दुसरी पेंढ्यावर पडली होती.

त्याने ओढलं.

आणि दुसरी दोरी... ताठ झाली.

आपोआप.

गाय कळ द्यायची, तेव्हा ती दोरी ओढ घ्यायची. गाय थांबायची, तेव्हा तीही थांबायची. सिल्वोने एकदा भलत्याच वेळी ओढलं, तर त्या दोरीने असा हिसका दिला की 'बावळटा' म्हणायचं तेवढं बाकी राहिलं.

शेका मान वळवून बघत होती. सिल्वोकडे नाही. त्याच्या शेजारी.

तिथे कोणी नव्हतं.

इथे माणसाने घाबरायला हवं. सिल्वोला राग आला. कुंपण झालं, कडी झाली, आता वासरूसुद्धा?

"शेका!" तो ओरडला. "तुझा धनी मेला! ऐकलंस? जुलैतच मेला! मी खांदा दिलाय! आता धनी मी!"



दुसरी दोरी... अलगद पेंढ्यावर पडली.

शेकाने कळ देणं थांबवलं. पहिल्यांदाच तिने सिल्वोकडे पाहिलं. आता काय करायचं म्हणतोस, अशा नजरेने.

"काय केलंस रे?" पुढून जस्टीनाबाई ओरडल्या.

"सांगितलं तिला!"

"आत्ता? अरे, वासरू बाहेर पडेपर्यंत तरी दम धरायचास!"

सिल्वोने दोन्ही दोऱ्या हाताला गुंडाळल्या. त्या दुसऱ्या दोरीने जसं केलं होतं तसंच करत गेला. कळ आली की ओढ. कळ गेली की थांब. हात सोलून निघाले. वीस मिनिटं. मग एकदम सगळं सुटलं आणि तो शेणात बसला, मांडीवर वासरू.

जिवंत.

शेकाने वासराला चाटलं. मग सिल्वोचा हात चाटला. गेल्या अडीच महिन्यांत त्या घरात त्याला कोणी इतकं आपलं मानलं नव्हतं.

जस्टीनाबाई पेंढ्याने वासरू पुसायला लागल्या. मधेच थांबल्या.

"सिल्वो... तू ओरडलास, तेव्हा याचे कान बाहेर होते की आत?"

सिल्वोला आठवेना. नाक बाहेर होतं, ते नक्की. कान?

त्याला अजून आठवत नाही.

त्या दिवसापासून त्याच्या कुंपणाला कोणी हात लावलेला नाही. वाकडं आहे, पण उभं आहे. शेका त्याच्या हातचं खाते. मीही जाऊन बघून आलोय.

वासरू आता चार महिन्यांचं आहे. सिल्वोने त्याला आजवर सात वेळा उभं करून, तोंडावर, नीट शब्दांत सांगितलंय.

प्रत्येक वेळी ते शांतपणे ऐकून घेतं.

मग मान वळवून सिल्वोच्या शेजारी बघतं... आणि तेवढाच वेळ, तितक्याच शांतपणे, दुसरी बाजूही ऐकून घेतं.