पुसलेली वाक्यं

ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला, म्हणून मी तिला बोलकं यंत्र करून दिलं. तिने लिहायचं, यंत्राने बोलायचं. ते बिघडू नये म्हणून आईने त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं; त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. तैवानमधल्या आमच्या शिंचूत सगळेच यंत्रांवर ते ठेवतात. "तुझ्यापेक्षा हे जास्त ऐकतं," असं ती त्याच्याकडूनच वदवून घ्यायची.

रविवारी दुपारी जेवायला तांदळाच्या शेवया होत्या. सोमवारी आईला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं आणि माझी बायको सू-छिन तिची बॅग भरत होती. आईने काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पडद्यावर होतं, "शेवया छान झाल्यात."

यंत्र मला म्हणालं, "आ-याओ, मला तिथे नको रे पाठवू."

आईने मान खाली घातली.

"हे काय आता?" सू-छिनने विचारलं.

"बिघाड आहे," मी म्हणालो.

तो माझाच होता. जुना मजकूर पुसून नवा ठेवणारा भाग वेगाने चालावा म्हणून मी थेट असेम्ब्लीत, म्हणजे चिपच्याच भाषेत, लिहिला होता. अशा वेळी कंपायलरला, म्हणजे बाकीचा प्रोग्रॅम त्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, स्पष्ट सांगावं लागतं, की इथे मेमरीतला अमुक मजकूर बदलणार आहे. मी मजकुराचा मेमरीतला नुसता पत्ता देऊन मोकळा झालो होतो. बदल झाला हे त्याला कळलंच नाही; हातात होतं ते जुनंच त्याने पुढे केलं. आणि आई पुढ्यात बसलेली असताना मी तिच्याशी बोलायचं सोडून ती चूक सुधारत बसलो. मला शरम वाटत होती, तरी बसलो.

कंपायलरने काढलेली एकेक ओळ वाचली. आता सगळं बरोबर होतं. यंत्र आईपुढे ठेवलं.

"लिही ना काहीतरी."

तिचे दोन्ही हात पांघरुणात होते. पडदा कोरा होता.

यंत्र म्हणालं, "म्हातारी एकदाची सुटली तर बरं."

बाहेर वारा खिडक्या हलवत होता.

हे कुणीच लिहिलं नव्हतं. सकाळी माळ्यावरून बॅग काढताना माझ्या मनात आलं होतं. शब्द न् शब्द तेच.

"आई, असलं काय लिहिता हो?" सू-छिन रडवेली झाली.

आई माझ्याकडे पाहत राहिली. मला नजर वर करवेना. मग तिने एक हात बाहेर काढला आणि सावकाश लिहिलं.

"चुकून लिहिलं गं मी," यंत्र म्हणालं. "आ-याओला काही विचारू नकोस."