प्रद्युम्न, आणि पुढे चांदणी

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे ज्याच्या हातून घडलं, तो रघुराम माझा सख्खा मावसभाऊ. थापा मारायचं डोकं त्याला नाही.

ऑक्टोबर १९९८. तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. सातजणांची सॉफ्टवेअर कंपनी. भर दुपार.

रघुराम तिथला सगळ्यांत जुना. तरी अमेरिकेला जायचं ठरलं प्रद्युम्नचं. वर्षभरापूर्वी आलेल्या प्रद्युम्नचं!

रघुरामचा नुसता जळफळाट झाला.

सगळ्यांचं काम रिपॉझिटरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या सामाईक साठ्यात जपलं जायचं, जुन्या प्रतींसकट. फाइलच्या नावाआधी स्वतःचं नाव लावायची तिथली पद्धत. आणि सर्व्हरवर एक यादी होती. तिच्यातल्या नावांच्या नव्या फाइली, प्रोजेक्ट कुठलाही असो, रिपॉझिटरीत जायच्याच नाहीत. कचरा बाहेर राहावा म्हणून.

यादी रघुरामच्या ताब्यात.

त्याने एक ओळ वाढवली. ‘प्रद्युम्न’, आणि पुढे चांदणीची खूण (*). म्हणजे या नावाने सुरू होणारं सगळं बाहेर.

"आता दाखव काम अमेरिकेला," तो पुटपुटला. बरं वाटलं त्याला. खरंच बरं वाटलं.

हिराबाई कॉफी घेऊन आल्या.

सहाच पेले...

"एक कमी की ओ, हिराबाई?" रघुराम म्हणाला.

"सहा लोकं, सहा कॉफी."

शेजारी प्रद्युम्न हात पुढे करून बसला होता.

तेवढ्यात मालक वरुणराव आले. "रघुराम, पासपोर्ट काढून ठेव. अमेरिकेला तूच जायचं."

"आणि प्रद्युम्न?"

"कोण रे तो?"

शेजारचा कीबोर्ड वाजत होता...

थांबला.

रघुराम वळला. माणूस नाही. खुर्चीसुद्धा नाही.

त्याने घाईघाईने ती ओळ पुसली. काहीच झालं नाही. रिपॉझिटरीत प्रद्युम्नची वर्षभरातली एकही फाइल नव्हती, जणू कधी गेलीच नव्हती. यादीतून नाव काढलं, तरी जे आत कधी गेलंच नाही त्याची जुनी प्रत कुठून आणणार? हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

तो तसाच जवळच्या पापनाशम गावी गेला, प्रद्युम्नच्या घरी. त्याची आई वसुमतीबाई जेवणाची पानं मांडत होत्या.

"आम्हास लेकरूं नाहीं, बाबा," त्या म्हणाल्या.

घरात नवरा-बायको दोघंच. केळीची पानं तीन...

रघुराम अमेरिकेला गेलाच नाही. पण अजून जळतो. म्हणतो, "पुसला गेला, तरी त्याचं पान मांडलं जातं. माझी एवढी आठवण कोण ठेवणार?"

परवा मला म्हणाला, "पुसला जायच्या आधी, दादाच्या लग्नात तुझ्याच शेजारी जेवायला बसला होता की तो."

मला कुणीच आठवत नाही.

घरी येऊन त्या लग्नातल्या पंगतीचा फोटो शोधून काढला. माझ्या शेजारची जागा मोकळी आहे...

आणि मी तिकडेच बघून हसतेय.