लपायला जागा

मोबाइलचे दिवे बंद करा रे, डोळ्यांत येतात. लाइट काही लवकर येत नाही आता. तोवर माझ्या साडूचं सांगतो. साडू म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फ्रिज दुरुस्त करतो. थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही. स्वतःच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, ‘जरा हसा,’ तर यानं विचारलं, ‘कशाला?’ असला माणूस.

तर एका शुक्रवारी सकाळी तो ट्रक ठरवायला निघाला. डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी. शेजारचं अंगण रिकामं करायचं होतं.

शेजारी एक मास्तर राहायचे. शाळेत कवायत शिकवायचे, रिटायर होऊन जमाना झालेला. एकटेच. आणि त्यांचं अंगण म्हणजे नुसता उकिरडा. गंजलेली कपाटं, पत्र्याच्या पेट्या, पिंपं, मोडके फ्रिज, चाकं नसलेली एक रिक्षासुद्धा. सगळं एकावर एक. पाणी साचायचं, डास व्हायचे. साडूची सहा वर्षांची मुलगी, ठकी म्हणतो आम्ही तिला, सारखी तापानं फणफणायची. पुढं एकदा न्हाणीघरात साप निघाला. मेहुणी म्हणाली, ‘आता या गल्लीत एक तर ते भंगार राहील, नाही तर मी.’

साडू आधी सरळ मार्गानंच गेला होता. मास्तरांच्या दारात उभा राहून म्हणाला, “मास्तर, हे सगळं काढून टाकू या. माणसं मी आणतो. तुम्ही नुसते खुर्चीवर बसा.”

मास्तर म्हणाले, “विटा काढ. बाटल्या काढ. पत्रे ने. पण ज्याला दार आहे, झाकण आहे, ते राहू दे.”

“का पण?”

“लपायला जागा लागते.”

“कोणाला? सापाला?”

मास्तर हसले नाहीत. “माझ्या मुलीला,” म्हणाले आणि दार लावून घेतलं.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं मग त्याला सगळं सांगितलं. मास्तरांना एकुलती एक मुलगी होती. एका संध्याकाळी बापलेक अंगणात लपंडाव खेळत होते. राज्य मास्तरांवर. डोळे मिटून आकडे मोजून झाले, तेवढ्यात फाटकाशी कोणी ओळखीचा आला. मास्तर बोलत उभे राहिले. पोर परसात टाकलेल्या जुन्या फ्रिजमध्ये जाऊन बसली होती. तेव्हाच्या फ्रिजला बाहेरून खटक्याची मूठ असायची. दार एकदा बसलं की आतून उघडत नसे.

सापडली... पण फार उशिरा.

बायको त्या धक्क्यानं गेली. मास्तर तेव्हापासून दार असलेली वस्तू कुठं दिसली की उचलून आणायचे. आणि आणली की पहिलं काम म्हणजे तिची कडी नाही तर खटका काढून टाकायचा. साडूला आठवलं, अंगणातल्या एकाही फ्रिजला खटका नव्हता. त्याचा धंदाच तो, त्यामुळं नजरेत भरलं होतं. त्याला वाईट वाटलं. पण डास काही कमी झाले नाहीत.

अशात मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. साडूनंच त्यांना दवाखान्यात नेलं. गावाहून भाचा आला. तो म्हणाला, “मामा आहेत तिकडे तोवर उरकून घ्या. न्या सगळं.”

म्हणून हा ट्रक. संध्याकाळपर्यंत अंगण चकाचक झालं. मेहुणीनं स्वतः झाडून काढलं. ‘हे अंगण एवढं मोठं आहे होय!’ म्हणून कमरेवर हात ठेवून बघत राहिली. थंडी होती तरी पहिल्यांदाच त्या बाजूची खिडकी उघडी ठेवून सगळे झोपले.

रात्री अकरा वाजून गेले असतील. साडूला जाग आली. स्वयंपाकघरात कसलंतरी दार वाजलं. उंदीर असेल म्हणून उठला. ओट्याखालचं कपाट सताड उघडं होतं. आतले डबे एका बाजूला सारलेले. नीट, हळूच सारावेत तसे. त्यानं ते लावून घेतलं. परत फिरला, तर बाहेरच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट उघडं. त्यातही तसंच. साड्या बाजूला, मधे जागा.

एका मुलाला बसता येईल एवढी.

तो ठकीच्या खोलीत गेला. पोरगी गादीवर उठून बसली होती. हसत होती.

“झोपली नाहीस गं?”

“श्शू! बाबा, हळू बोला ना. राज्य माझ्यावर आहे.”

“कसलं राज्य?”

“ती लपलीय. तिच्या घरी जागाच नाही उरली. म्हणून आपल्याकडे आलीय.”

साडूनं तिला आडवं केलं. म्हणाला, “स्वप्न पडलं असेल. झोप.” पांघरूण घातलं. उघडी खिडकी लावायला बाहेरच्या खोलीत गेला. कडी घातली. परत आला.

गादी रिकामी.

“ठकी?”

त्यानं पांघरूण उचलून झटकलं.

मेहुणी उठली. दोघांनी पलंगाखाली बघितलं. न्हाणीघर बघितलं. माळा बघितला. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. पोरगी घरातच होती. पण नव्हती.

आणि मग... शेजारच्या अंगणातून आवाज आला. बारीक. सावकाश. कोणीतरी आकडे मोजत होतं.

मेहुणीनं साडूचा दंड धरला. राज्य फिरलं होतं. आता ठकी लपली होती.

आकडे थांबले.

काहीच नाही. कुत्रंसुद्धा नाही.

साडूच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गॅरेज! घराला लागून त्याचं गॅरेज होतं, दुरुस्तीला आलेले फ्रिज तिथंच असायचे. मधलं दार ढकलून तो धावला. एक उघडला. दुसरा उघडला. सगळे रिकामे. उरला होता कोपऱ्यातला, खटक्याच्या मुठीचा जुना. पण त्याचं दार भिंतीकडे होतं. भिंतीला इतका चिकटवून ठेवलेला की मधे हातसुद्धा जाणार नाही. तिथं कशी जाईल पोर? त्यानं तो सोडून दिला.

आणि सरळ मास्तरांच्या अंगणात गेला. अनवाणी. अंगणात चांदणं. झाडलेली माती. कोणी नाही.

काय करावं त्याला सुचेना. हा माणूस, ज्याला हसायचंसुद्धा कारण लागायचं, तो मधोमध उभा राहिला. म्हणाला, “हरलो.”

...

“मी हरलो गं. चूक झाली माझी. तुला जागा देतो. उद्याच देतो. दोघी बाहेर या.”

...

मागून, कमरेच्या जरा वर, एक थाप पडली. लहान हाताची. गार.

“धप्पा.”

तो वळला नाही. मला म्हणाला, ‘दादा, वळलो असतो तर बरं झालं नसतं, एवढंच कळलं.’ आणि त्याच क्षणी गॅरेजमध्ये आतून कोणीतरी पत्रा बडवायला लागलं.

तोच फ्रिज. भिंतीकडे तोंड केलेला.

साडू धावत आला, त्यानं आणि मेहुणीनं जीव खाऊन तो ओढला. मूठ खेचली. ठकी आत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. ओठ निळे. पण श्वास चालू होता. मेहुणीनं तिला छातीशी धरलं, तेव्हा कुठं ती रडली. नंतर म्हणाली, “ती म्हणाली, मोठ्यानं श्वास घेतला की पकडतात. म्हणून मी हळूहळू घेतला.”

डॉक्टर म्हणाले, तसा घेतला म्हणूनच वाचली.

दुसऱ्या दिवशी साडूनं भंगारवाल्याला गाठून कपाटं, पेट्या, सगळं परत आणलं. मेहुणीनं स्वतः उतरवून घेतलं. पाणी साचू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर टाकलं. मास्तर घरी आले तेव्हा साडू त्यांना आधार देऊन फाटकातून आत घेऊन गेला. मास्तरांनी अंगण पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“भेटली?”

“हो.”

“चिडली होती का रे?”

“नाही, मास्तर. खेळत होती.”

मास्तर तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. पुढं दोन-तीन वर्षांनी झोपेतच गेले. ठकी आता कॉलेजात आहे. तिला यातलं फारसं आठवत नाही.

पण तो फ्रिज साडूनं विकला नाही. त्यात तेव्हाही मोटर नव्हती आणि आजही नाही. वायर कापलेली, मागं नुसती पोकळी. साडूनं मला दार उघडून दाखवलं, तेव्हा त्या घटनेला महिना झाला असेल. आत चारी बाजूंनी बर्फ. बोटभर जाड. मी हात लावून बघितला, पोरांनो, खरा बर्फ. फक्त एका कडेला, ठकी जिथं बसली होती त्याच्या शेजारी, एक कोरडी जागा होती. पाठीची, डोक्याची, दुमडलेल्या गुडघ्यांची. एवढ्याशा मुलीची.

तो बर्फ अजून आहे. उन्हाळ्यातसुद्धा.

मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा परत बघितला. ती कोरडी जागा आता तेवढीशी राहिलेली नाही, ठकीसारखी तीही वाढलीय.

आता तिथं जी बसत असेल... तिला मान वाकवून बसावं लागत असेल.