उजवीकडचं सोलापूर

'नाहीतर'ला विचारल्याशिवाय सोलापुरात आता कुणी देवळाच्या दानपेटीतही नाणं टाकत नव्हतं.

त्याचं सरकारी नाव होतं पर्यायी घटनाक्रम गणक. ते नाव लोकांनी पहिल्याच वर्षी टाकून दिलं. देणगी देणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असायचा: मी दिले तर अमुक होईल, आणि नाहीतर? म्हणून नाव पडलं 'नाहीतर'.

सानिका बोद्दूलनं स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ते उघडलं, तेव्हा तिची आई विजयालक्ष्मी खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटत होती.

"आई, संस्थेचं नाव सांग."

"तुला माहीत नाही?"

"मला माहितीये गं. त्याला तुझ्या आवाजात हवंय. देणगी तुझी आहे."

"सोयरे," विजयालक्ष्मी म्हणाली. बत्ता थांबला नाही.

भिंतीवर दोन सोलापुरं उजळली. रस्ते, दवाखाने, पाऊसपाणी आणि नावं पुसलेल्या लाखो नोंदी यांवरून उभं केलेलं एकच शहर, दोनदा. डावीकडच्या शहरात विजयालक्ष्मीची देणगी पोहोचली होती, उजवीकडच्या शहरात नव्हती. दोन्हींमध्ये पुढचं वर्ष झरझर सरकू लागलं. जिथे फरक पडेल तिथे पिवळा ठिपका लागणार होता.

*डावीकडचं सोलापूर.* सात रुग्णांना बॉम्बे गटाचं रक्त लागलं. सातही जणांना मिळालं.

*उजवीकडचं सोलापूर.* सात रुग्णांना बॉम्बे गटाचं रक्त लागलं. सातही जणांना मिळालं.

*मधलं सोलापूर*, म्हणजे जिथे चटणीचा खमंग वास सुटला होता ते. तिथे बत्ता थांबला.

"एकही ठिपका नाही?"

"फरक शून्य," सानिका म्हणाली. "थांब, कारण विचारते."

'नाहीतर'चा आवाज शाळेतल्या हुशार मुलासारखा होता, कधीच न अडखळणारा. "सोयरे संस्थेची यादी दोन वर्षांपासून रक्तसेतू या संस्थेकडेही आहे. रक्तसेतू यंत्राच्या आवाजात एका मिनिटात सगळ्या रक्तदात्यांना हाक देते. खर्च नगण्य. सोयरेचा निम्म्याहून अधिक खर्च लग्नांचे आहेर, बारशी, दहाव्याला जाण्याचा प्रवास आणि जेवणं यांवर होतो. शिफारस: रक्तसेतू."

"जेवणं!" सानिका हसली. "आई, तुझ्या देणगीची बासुंदी होणार बघ."

विजयालक्ष्मी हसली नाही. गणवेश शिवायचा कारखाना विकताना तिनं एकच गोष्ट आधी ठरवली होती, एक वाटा सोयरेचा. तिचा रक्तगट बॉम्बे. साध्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण या माणसांना 'ओ'चंही रक्त चालत नाही. चालतं ते फक्त त्यांच्यासारख्यांचं, आणि तसा माणूस दहा हजारांत एखादा. काढलेलं रक्त पाच-सहा आठवड्यांत वाया जातं, त्यामुळे साठा करून भागत नाही. साठवायची ती माणसं. सानिकाच्या जन्माच्या वेळी रक्तस्राव थांबत नव्हता, तेव्हा सोयरेच्या एका हाकेवर चार अनोळखी माणसं धावत आली होती. एक तर थेट मागावरून उठून आला होता, केसांत कापसाचे तंतू तसेच. त्याचा चेहरा तिला आता आठवत नव्हता. तंतू आठवत होते.

आणि तरी 'नाहीतर'वर अविश्वास दाखवावा असं काही घडलेलं नव्हतं. मागच्याच वर्षी त्यानं विजयालक्ष्मीच्या बहिणीचा लाडका अनाथाश्रम तपासला, तेव्हा दोन्ही सोलापुरांत तिथे फक्त रंगवलेली पाटी निघाली होती. पोर एकही नाही. अशा किती पाट्या त्यानं उतरवल्या, किती देणग्या खऱ्या पोटांत पोहोचवल्या. ते खोटं बोलत नसे.

"मी स्वतः जाऊन सांगते सोयरेच्या तांबोळीचाचांना," ती म्हणाली.

*मधलं सोलापूर, टॉवेलच्या दुकानावरची खोली.*

इलाही तांबोळी म्हणजेच सोयरे संस्था. सत्तरीचा माणूस, एक फोन, आणि भिंतीला लावून रचलेले टॉवेल-चादरींचे गठ्ठे. तिनं चाचरत चाचरत सगळं सांगितलं. तो मान डोलावत ऐकत राहिला.

"मशीन बरोबर बोलतंय, अक्का. मीपण विचारलं होतं त्याला. मला म्हणालं, तुम्ही थांबलात तरी काही बिघडणार नाही. एवढा आनंद झाला!"

"आनंद कसला, चाचा?"

"अरे, अठ्ठावीस वर्षं लोकांची लग्नं जेवतोय. डॉक्टर म्हणतो साखर वाढलीय." तो स्वतःच मोठ्यानं हसला. "पहिल्या तारखेपासून हाक देणं बंद केलं मी. यादी त्यांच्याकडे आहे, मशीन त्यांच्याकडे आहे. तू तिकडेच दे. माझं काय, रक्त मिळाल्याशी मतलब."

"मग हे टॉवेल?"

"हे राहिलेत वाटायचे. बार्शीच्या कंडक्टरच्या पोरीचं लग्न आहे. संस्था बंद झाली म्हणून लग्नाला जायचं नाही, असं थोडीच आहे?"

निघताना त्यानं तिच्याही हातात एक टॉवेल ठेवला. कशाबद्दल, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

*मधलं सोलापूर, दुसऱ्या दिवशीची सकाळ.*

कणकेत हात असतानाच फोन वाजला. "नमस्कार, विजयालक्ष्मीजी! आपल्यासाठी एक महत्त्वाची..." फारच गोड आवाज. तिनं कोपरानं बंद केला. सकाळपासूनचा तिसरा असला फोन.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सानिकानं भिंतीवर रक्तसेतूचं पान उघडलं. अंगठा टेकवला की झालं. विजयालक्ष्मीनं हात पदराला पुसला, आणि पुन्हा फोन वाजला.

"अक्का, जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही बंद केलंत ना हे, चाचा?"

"केलं होतं. सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन होता. मंगळवेढ्याची पोरगी आहे, रेणुका नावाची. बाळ झालंय, रक्त थांबत नाहीये. तुझ्यासारखंच. रक्तसेतूनं सकाळी नऊपासून तीनदा हाक दिली म्हणे, एक माणूस आला नाही. मग बाईंनी जुना नंबर शोधला. तुला हाक आली नाही का गं?"

"नाही, चाचा. मला आली असती तर..."

"येतेस?"

तिनं आधी चप्पल पायात घातली आणि मग हो म्हटलं.

*डावीकडचं सोलापूर.* या दुपारी रेणुकाला सकाळीच रक्त मिळालेलं आहे.

*उजवीकडचं सोलापूर.* या दुपारी रेणुकाला सकाळीच रक्त मिळालेलं आहे.

*मधलं सोलापूर.* इथे रेणुकाचा नवरा दवाखान्याच्या जिन्यावर बसलेला होता. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तो असा बघत होता, जणू प्रत्येकाच्या हातात काहीतरी असणार. विजयालक्ष्मी त्याच्याजवळ क्षणभर थांबली. "आलोय आम्ही," एवढंच म्हणाली.

वर रक्तपेढीत बार्शीचा कंडक्टर गणवेशातच खाटेवर आडवा झालेला होता. शेजारी होटगी रोडचा पानवाला बाही वर करून बसला होता. मागोमाग अक्कलकोटची एक शिंपीण धापा टाकत आली, मानेभोवती मोजपट्टी तशीच.

"तुमच्या मुलीचं लग्न ना परवा?" विजयालक्ष्मीनं कंडक्टरला विचारलं.

"होय की. बायको ओरडत होती, हळद तोंडावर आलीय आणि तुम्ही रक्त द्यायला चाललात! म्हटलं, चाचा आहेर घेऊन येणार आणि मी त्याचा फोन नाही म्हणू? कुठल्या तोंडानं जेवायला वाढू त्याला?"

"पण सकाळी का नाही आलात हो?" आईबरोबर आलेल्या सानिकानं विचारलं. "हाक तर सगळ्यांना गेली होती."

"मला नाही आली," कंडक्टर म्हणाला.

"मलाही नाही," शिंपीण म्हणाली.

पानवाल्यानं मोकळ्या हातानं फोन काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "आलीय की," तो म्हणाला. "तीनदा. कापलाय मी. मला वाटलं कर्जवाले."

मग सगळ्यांनीच आपापले फोन काढले. विजयालक्ष्मीच्या फोनवर ती नोंद होती: सव्वानऊ, रक्तसेतू, चार सेकंद. कणकेत हात होते त्या वेळची. पहिला आणि दुसरा फोनही त्यांचाच होता. जिच्यासाठी चार माणसं धावत आली होती, तिनं चार सेकंद दिले होते.

नळीतून रक्त चाललं होतं, गडद आणि संथ.

तांबोळी आला तो हातात डबा घेऊन. "उठू नका कुणी. शेंगापोळी आहे, आधी खा. अक्का, तोंड का असं? सुई टोचली होय?"

"चाचा, मी कापला तो फोन."

"मग? मीपण कापतो," तो म्हणाला आणि तिच्या हातावर पोळीचा तुकडा ठेवला. "आता आलीस ना?"

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मास्क खाली ओढून म्हणाल्या, "थांबलं." जिन्यावरच्या माणसापर्यंत ती बातमी पोहोचली, तेव्हा त्यानं बाळासकट पायऱ्या चढून प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. तांबोळीलाही. तो घाईघाईनं म्हणाला, "मला नको रे, माझा रक्तगट साधा आहे!"

*मधलं सोलापूर, संध्याकाळ.*

"काल तू फरक शून्य म्हणालास," विजयालक्ष्मी भिंतीला म्हणाली. यंत्राशी ती पहिल्यांदाच स्वतःहून बोलत होती. "कशावरून?"

"यादीतली माणसं हाकेला शंभरात त्र्याण्णव वेळा येतात. ती सरासरी दोन्ही शहरांत सारखी धरली."

"कुणाच्या हाकेला येतात?"

'नाहीतर' पहिल्यांदाच थोडं थांबलं. "गेली दोन वर्षं दोन्ही संस्था हाक देत होत्या. रक्तसेतूची हाक आधी जायची, म्हणून आलेली माणसं तिच्या नावावर मांडली गेली. आजची नोंद या गृहीतकाशी जुळत नाही. दुरुस्ती करतो. आपले आभार."

"मग आता असं सोलापूर दाखव," सानिका म्हणाली, "जिथे तांबोळीचाचा कुणाच्याच लग्नाला गेले नाहीत. बारशाला नाही, दहाव्याला नाही. नुसती यादी."

"किती मागे जाऊ?"

"माझ्या जन्माच्या आधीपर्यंत."

उजवीकडचं शहर उलटं फिरू लागलं आणि मग सावकाश पुढे आलं. पिवळे ठिपके लागत गेले, इथे एक, तिथे एक. शेवटी चित्र त्यांच्या गल्लीत शिरलं. डावीकडे त्यांच्या घरावर दिवा होता. उजवीकडे त्याच जागी घर होतं, खिडक्याही त्याच होत्या. दिवा लागला नव्हता.

"आत कोण आहे, दाखवू का?" 'नाहीतर'नं अदबीनं विचारलं.

विजयालक्ष्मीनं भिंत बंद केली. मग कितीतरी वेळ ती सानिकाच्या केसांत बोटं फिरवत उभी राहिली, जणू तिथे कापसाचे तंतू अडकले होते.

*मधलं सोलापूर, रेणुकाच्या मुलीच्या बारशाची सकाळ.*

देणगी सोयरेला गेली होती. रक्तसेतूची माणसंही येऊन गेली, भली माणसं, मनापासून ओशाळलेली. त्यांनी तांबोळीचा आवाज मागितला, म्हणजे यंत्र त्याच्याच आवाजात 'जेवलीस का' विचारेल. "घ्याल की," तांबोळी म्हणाला होता, "पण बारशाला तो आवाज जेवणार कसा?" त्यांनी ते टिपून घेतलं होतं. देतो असं तो म्हणाला नव्हता, आणि नाही असंही नाही. त्याचं वय झालं होतं आणि साखरही वाढली होती. म्हणून दर गुरुवारी यादीतल्या माणसांची खुशाली विचारायचे त्याचे फोन आता सानिका करत होती. तिचा स्वतःचा रक्तगट अगदी साधा, कुठेही मिळेल असा.

दोघी निघाल्या तेव्हा भिंत आपोआप उजळली. 'नाहीतर' अजून दुरुस्तीतच होतं.

"सोयरे संस्थेचा फरक नव्यानं मांडतो आहे," ते म्हणालं. "एक माहिती अपुरी आहे. दवाखान्यात आलेल्या चौघांपैकी प्रत्येकाला येण्याचं कारण विचारलं. चौघांनीही वेगवेगळ्या जेवणांची नावं सांगितली. या गोष्टीचं एकक कोणतं धरू?"

सानिका चादरीच्या पुडक्याला दोरा बांधत होती. तिनं दाराकडे पाहिलं. आई चप्पल घालून केव्हाच खाली उतरली होती आणि हाका मारत होती, चल लवकर, ती पोर वाट बघत असेल.

"आई," तिनं खिडकीतून ओरडून विचारलं, "याला काय सांगू?"