खडूची रेघ

स्टिअरिंग काढण्याआधी त्यावर खूण करायची, हे तिला काकानेच शिकवलं होतं. चाकाच्या मध्यापासून खालच्या नळीपर्यंत खडूची सरळ रेघ. परत बसवताना रेघ जुळली की झालं.

तिने रेघ ओढली, पाना लावला, पान्यावर पाइप चढवला. दोघं त्याला लोंबकळले, पण चाक तसूभरही हललं नाही.

"पदार्थविज्ञान शिकलीस ना? मग विचार त्याला, काय हवंय," काका म्हणाला.

"गंज आहे. तेल मुरू दे."

"त्यापेक्षा कापून टाक. भंगारात दुसरं मिळेल."

कापून टाक, हे तो सकाळपासून म्हणत होता.

ट्रक तिच्या बाबांचा. शेवटच्या फेरीत बाबा चालवत होते आणि काका शेजारी बसला होता. गाडी झाडावर आदळली, काका वाचला. बाबांना डुलकी लागली, असं त्याने सांगितलं आणि घराने ते मानलं. आई अजून म्हणते, झोपले नसते तर. पण झोपलेल्या माणसाचे हात गळून पडतात, आणि समोरचा चेपलेला पत्रा सांगत होता की गाडी कोणीतरी जीव खाऊन वळवली होती. स्टिअरिंगचा खांब न कापता बाहेर आला, तर आतला दांडा पिळला आहे का, ते कळणार होतं. आदळताना चाक कोणी घट्ट धरून ठेवलं असेल, तरच तो पिळतो. पिळला असेल तर बाबा जागे होते.

दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली दिसली. वरचा अर्धा भाग बोटभर डावीकडे सरकला होता.

"तू येऊन गेलास का?"

"मी? गुडघे धड असते तर आलोही असतो."

तिने शेडला नवं कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली आणि ट्रकभोवती सिमेंटची भुकटी पसरली. सकाळी भुकटीवर एकही पाऊल नव्हतं. रेघ मात्र आणखी डावीकडे गेली होती. डावीकडे शेडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे काकाची खोली.

मग काका मुक्कामाला आत्याकडे गेला. आत्याचं घर रस्त्याच्या उजव्या टोकाला. सकाळी रेघ उजवीकडे गेलेली होती.

तिने हे कोणालाच सांगितलं नाही. काका परत आल्यावर म्हणाली, "काका, जरा त्या बाजूने बॅटरी धर ना."

तो पलीकडे गेला. नट पुसायचं निमित्त करून तिने स्टिअरिंगवर हात ठेवला. तळहाताखाली काहीतरी जाणवलं. धक्का नव्हता तो. कोणी मान वळवून बघावं, तसं काहीतरी.

"काय झालं?"

"काही नाही. धर नीट."

दुपारी तिने नळी तापवली. एका हिसक्यासरशी खांब निसटून हातात आला. बाकावर ठेवून तिने आतला दांडा बाहेर ओढला आणि पुसला. ओलं फडकं पिळावं तसा तो पिळलेला होता.

काका दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला.

"आदळल्यावर होतं असं," तो म्हणाला.

"मी काही विचारलंच नाही, काका."

शेडमध्ये रबर घासल्याचा आवाज आला. तिने वाकून पाहिलं. पुढचे दोन्ही टायर, हवा जाऊन जमिनीला चिकटलेले, दाराकडे वळले होते. फरशीवर काळा, वाकडा ओरखडा होता. तिने बोट लावलं. ओरखडा गरम होता.

काकाने टायरांकडे पाहिलं. मग स्टूल उचललं आणि समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

तिने मान वर केली नाही. रबर पुन्हा घासू लागलं, सावकाश, तिच्या बोटाला लागून.